वडिलांच्या व्हाइसला तडा गेलाय, वाचवता येईल का?

आडवी_कानस

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 125 मिमी जबड्याचा एक जुना बेंच व्हाइस (टेबलावर बसवायचा शिकंजा) आहे. वडिलांचा. ते गेल्यावर दोन-तीन वर्षं तो पोत्याखाली झाकून पडला होता. मग मी तो टेबलाला बोल्टांनी बसवला आणि रोज वापरायला लागलो. काल त्याला तडा गेला. चूक माझी आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

गंजलेला एक शाफ्ट धरायचा होता. कितीही आवळलं तरी तो फिरत होता. शेवटी दांड्यात लांब पाइप घातला आणि ओढला. "टक्" असा बारीक आवाज आला, बस. पण हाताला लगेच कळलं, कारण ओढताना लागणारा जोर एकदम सैल पडला. शाफ्ट काढून पाहिलं. हलत्या जबड्यावर पोलादी पट्टी ज्या पायरीवर बसते, त्या पायरीच्या आतल्या कोपऱ्यातून तडा निघालाय आणि उजव्या अंगाने तिरका खाली उतरलाय. दिसतो तेवढा साधारण 40 मिमी. नख फिरवलं की अडकतं.

आधीच्या तक्रारीही आहेत. दांडा उलटा फिरवला की स्क्रू बाहेर येतो, पण जबडा मागे येत नाही. तो हाताने ओढावा लागतो. एका पट्टीचा स्क्रू हरवलाय म्हणून ती डुगडुगते. दांडाही जरा वाकलाय.

वेल्डिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला, "साधा रॉड मारून देतो, दहा मिनिटांचं काम." मारून घेऊ का? नवा घेता येतो हे माहीत आहे, पण हा टाकवत नाही. दांड्याची दोन्ही टोकं वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत झालीत, कानशीने करूनही तशी होणार नाहीत.

ओतशाळा

साधा रॉड अजिबात मारू देऊ नका. आधी हे, बाकी नंतर.

जुने बेंच व्हाइस बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे, कास्ट आयर्नचे) असतात. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक बारीक फटच. दाबलं तर बीड खूप सोसतं, ताणलं तर नाही. दाबाची ताकद ताणाच्या तिप्पट-चौपट धरायला हरकत नाही. साध्या रॉडने वेल्ड केलं की वेल्डशेजारचं बीड वितळून झटकन थंड होतं आणि काचेसारखं कडक, ठिसूळ बनतं. वेल्ड आकसतो, ते ठिसूळ बीड ताण सोसू शकत नाही, आणि वेल्डला खेटूनच नवा तडा जातो. कधी रॉड मारताना, कधी रात्री टेबलावर पडल्या पडल्या "टण्ण" करून.

तुमचा तडा नेमका जिथून निघालाय तीच या जबड्याची सगळ्यात ताणाची जागा आहे. काम, म्हणजे धरलेली वस्तू, आवळलं की ते जबड्याला बाहेर ढकलतं, जबडा मागे वाकायला बघतो आणि आतल्या बाजूचा बुडखा ताणला जातो. त्यात पट्टीच्या पायरीचा कोपरा काटकोनात कापलेला. सगळा ताण तिथे गोळा होतो.

आता दोन कामं करा. एक, जबडा सोडवून दोरीला टांगा आणि लहान हातोडीने हलकेच वाजवा. निरोगी बीड खणखणीत वाजतं, तडा खोल असेल तर बद्द आवाज येतो. दोन, तडा खरा किती लांब आहे ते शोधा. सगळी ग्रीस साफ करून त्या भागाला रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. मग फडक्याने अगदी कोरडं पुसून वर खडूची पूड चोळा. तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. डोळ्यांना दिसणारा तडा नेहमी खऱ्यापेक्षा आखूड असतो. तो कुठे संपतो ते कळल्याशिवाय दुरुस्तीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

चौकोनी_आटे

जबडा मागे न येणं हा वेगळा रोग आहे, तड्याशी त्याचा संबंध नाही. स्क्रू हलत्या जबड्याच्या तोंडातून आत जातो आणि जबड्याच्या आतल्या बाजूला त्यावर एक कॉलर असते, पिनने अडकवलेली. आवळताना दांड्याकडचा जाड भाग जबड्याला ढकलतो, सोडताना ही कॉलर त्याला ओढते. पिन तुटली किंवा कॉलर सरकली की स्क्रू एकटाच बाहेर येतो. स्क्रू पूर्ण काढा, तिथेच सापडेल. काही व्हाइसमध्ये कॉलरऐवजी खोबणीत बसणारी पट्टी असते, काम तेच.

स्क्रू निघालाच आहे तर बॉक्स नटही, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो तो आतला नट, बघून घ्या. आट्यांच्या कडा धारदार, पात्यासारख्या पातळ झाल्या असतील तर तो झिजत आलाय.

निळी_ज्योत

मी गॅसवाला माणूस, म्हणून माझं मत पितळी रॉडने ब्रेझिंग करण्याचं, म्हणजे पितळ वितळवून तडा भरण्याचं. ब्रेझिंगमध्ये बीड वितळतच नाही. रॉड साधारण 900 अंशांना वितळतो, बिडाला वितळायला 1150 च्या वर जावं लागतं. त्यामुळे वेल्डशेजारी काचेसारखा कडक थर होण्याचा प्रश्न उरत नाही, आणि पितळ स्वतः मऊ असल्याने थंड होताना थोडं ताणून घेतं.

पण बिडाचं ब्रेझिंग तयारीवर उभं असतं. तडा इंग्रजी व्ही सारखा उघडायचा, तोही शक्यतो कानशीने किंवा छिन्नीने. ग्राइंडरचं चाक ग्रॅफाइट पृष्ठभागावर सारवून टाकतं आणि सारवलेल्या बिडावर पितळ पसरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतं. ज्याने हे एकदा पाहिलंय तो पुन्हा चाक लावत नाही. तड्याच्या टोकांना आधी 3 मिमीची भोकं पाडा, म्हणजे तापवताना तडा पुढे पळणार नाही. मग अख्खा जबडा हळूहळू सगळीकडून सारखा तापवा, 300-400 अंशांपर्यंत. जुन्या व्हाइसच्या बिडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते याच वेळी धूर होऊन निघतं. धूर थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर टाकणखार टाकून आधी पितळाचा पातळ थर चढवायचा, तो सगळीकडे ओला पसरला की मगच भरायचं. झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत गाडून रात्रभर थंड होऊ द्या. वारा लागता कामा नये.

जुना रंग आधी खरवडून काढा, त्यावर ज्योत मारू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. मोकळ्या हवेत आणि मास्क लावूनच करा.

निकेल_रॉड

ब्रेझिंगला विरोध नाही, पण निकेलच्या रॉडने थंड वेल्डिंगही होतं, म्हणजे अख्खा जबडा आधी न तापवता. रॉड दोन प्रकारचे मिळतात, जवळपास शुद्ध निकेलचे आणि निकेल-लोखंडाचे, ज्यात निकेल साधारण 55 टक्के असतं. पहिला मऊ, नंतर कानस-ड्रिल सहज चालतं. दुसरा जास्त मजबूत, जाड भागाला बरा.

एका वेळी 25 मिमीपेक्षा लांब रेघ ओढायची नाही. रेघ ओढली की ती लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने बारीक ठोके देऊन ताणायची, म्हणजे आकसण्याचा ताण तिथल्या तिथे मोडतो. मग हात ठेवता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं, आणि पुढची रेघ तिथेच नाही, दुसऱ्या टोकाला. दहा मिनिटांत करून देणारा माणूस हे करणार नाही. याला अर्धा दिवस लागतो आणि त्यातला बहुतेक वेळ नुसतं बसून राहण्यात जातो.

एक_सूत

वरच्या दोघांचीही पद्धत बरोबर आहे. पण हा तडा हलत्या जबड्यावर आहे आणि जबडा व त्याची मागची सरकणारी तुळई हे एकच ओतकाम असतं. बुडख्याला उष्णता दिली आणि तुळई केसभर जरी वाकली, तर ती स्थिर जबड्याच्या गाळ्यात अडकेल. जबडा जोडलेला पण व्हाइस न सरकणारा, असं हातात येऊ नये.

म्हणून मी तड्यावर बाहेरून पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळण्याच्या बाजूचा. थंड काम, चुकलं तर परत काढता येतं. पुढे ब्रेझ करायचा रस्ता बंद होत नाही. ब्रेझिंगचं मात्र तसं नाही: एकदा ब्रेझ केलेल्या जागी नंतर वेल्ड धरत नाही.

आता पाइपचा हिशोब. दांड्यावर हात मध्यापासून 200 मिमीवर, जोर 25 किलोचा. स्क्रूच्या एका फेऱ्यात जबडा 5 मिमी सरकतो असं धरू. घर्षण नसतं तर सव्वासहा टनांच्या जवळपास दाब मिळाला असता. चौकोनी आट्यांत आणि कॉलरवर तीन चतुर्थांश घर्षणात गेलं असं धरलं तरी दीड टनाच्या वर उरतो. हाताने! आता तोच जोर मध्यापासून 750 मिमीवर लावा. दाब सुमारे सहा टन. दांड्याची लांबी बनवणाऱ्याने हिशोब करूनच ठेवलेली असते. दांडा किंचित वाकतो तो सुद्धा याचसाठी, बिडाच्या आधी त्याने सांगावं म्हणून.

कोरा_पत्रा

एक शंका. तो बिडाचाच आहे कशावरून? काही व्हाइस पोलादी ओतकामाचे किंवा घडीव असतात ना?

ओतशाळा

रास्त शंका. खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, बारीक ड्रिलने दोन मिमी भोक पाडून बघा. बिडाचा चुरा पडतो, काळसर भुकटीसारखा, आणि बोटं ग्रॅफाइटने काळी होतात. पोलादाची वेटोळी निघते. ग्राइंडरवर बिडाच्या ठिणग्या लालसर आणि आखूड, पोलादाच्या लांब आणि लख्ख.

मधला एक प्रकारही आहे, गोलकणी ग्रॅफाइटचं बीड, ज्याला एसजी आयर्न म्हणतात. 1943 मध्ये कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे पापुद्रे गोळ्यांसारखे होतात हे दाखवलं, 1949 मध्ये त्याचं पेटंट निघालं. त्याचे व्हाइस तुटण्याआधी थोडे वाकतात. या चर्चेतला व्हाइस वाकला नाही, सरळ "टक्" झाला. त्यामुळे माझा अंदाज साध्या करड्या बिडाचाच.

आडवी_कानस

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस त्याच्याशीच होतो. सापडलं ते सांगतो.

ड्रिलला काळा चुरा आला, म्हणजे बीडच. टांगून वाजवला तर आवाज बद्द. शेजारी स्थिर जबडा वाजवला तो देवळातल्या घंटेसारखा घुमला. फरक इतका स्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

रॉकेल आणि खडू केला. उजवीकडची रेघ 40 नाही, 52 मिमी निघाली. आणि डाव्या अंगालाही एक रेघ उमटली, साधारण 15 मिमीची, जी डोळ्यांना अजिबात दिसत नव्हती. ती पाहून पोटात गोळा आला.

अजून एक गोष्ट. रॉकेल लावल्यावर उजव्या तड्याच्या वरच्या 12-13 मिमी भागातून काळपट तेल बाहेर झिरपलं. खालच्या भागातून स्वच्छ रॉकेलच आलं. याचा अर्थ काय?

चौकोनी_आटे, तुमचं निदान तंतोतंत. कॉलरची पिन मधोमध कातरली गेली होती. एक तुकडा कॉलरमध्ये, दुसरा स्क्रूच्या भोकात रुतलेला. 3 मिमी ड्रिलने पोखरून काढला.

ओतशाळा

याचा अर्थ वरचा 12-13 मिमी तडा जुना आहे. त्यात तेल आणि मळ मुरायला वर्षं लागतात. तुम्ही पाइप लावलात त्या दिवशी तो पुढे धावला, सुरू मात्र कधीचाच झाला होता. डावीकडचाही बहुधा त्याच काळातला.

व्हाइसवर सळया ठोकून सरळ करायचं काम व्हायचं का? आणि ठोका हलत्या जबड्याच्या दिशेने?

आडवी_कानस

हो, व्हायचं. वडील पाइप कधी लावू देत नसत, पण सळया त्याच व्हाइसमध्ये धरून ठोकायचे. मी लहान असताना दुसरं टोक धरून उभा राहायचो. ठोका बसला की हाताला झिणझिण्या यायच्या. तेव्हा त्या झिणझिण्या बिडालाही जात असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

एक_सूत

ठोकायचं काम लोहारी व्हाइसचं. त्याला जमिनीपर्यंत पाय असतो, ठोक्याचा भार त्यातून जमिनीत उतरतो, आणि तो घडीव असतो. बेंच व्हाइसवर ठोकायची वेळ आलीच तर ठोक्याची दिशा स्थिर जबड्याकडे. स्थिर जबडा टेबलाला बांधलेला असतो, हलता जबडा फक्त स्क्रूवर आणि तुळईवर तोललेला.

आता पट्ट्यांचं. दोन्ही बाजूंना तडे आहेत, म्हणजे पट्ट्याही दोन्ही बाजूंना. माइल्ड स्टीलच्या, 8 ते 10 मिमी जाड, 40 मिमी रुंद, तड्याच्या वर-खाली निदान दोन-दोन बोल्ट बसतील इतक्या लांब. बोल्ट एम 8, 8.8 दर्जाचे. बिडात 6.8 मिमी ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार), आटे निदान 16 मिमी खोल. बिडाला टॅप मारताना तेल लावू नका, तेलात चुरा चिखल होऊन अडकतो. दर अर्ध्या फेऱ्याला मागे फिरवा आणि चुरा झाडा.

तीन गोष्टी चुकू नका.

पट्टीचं पुढचं टोक जबड्याच्या तोंडापेक्षा पुढे गेलं तर व्हाइस मिटणार नाही. आधी पुठ्ठ्याची पट्टी कापून जबडा मिटवून बघा.

ओतकामाचा बाहेरचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पट्टी तीन ठिकाणी टेकली आणि मध्ये पोकळ राहिली तर बोल्ट आवळताना बीड ताणलं जाईल. शाई लावून टेकणाऱ्या जागा शोधा आणि कानशीने उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण दुरुस्तीचा जीव त्यातच आहे.

आणि नुसत्या बोल्टांवर विसंबू नका. भोकात बोल्टला थोडी तरी मोकळीक असते, तेवढी मोकळीक तड्याला उघडायला पुरते. सगळं आवळून झाल्यावर वर एक आणि खाली एक अशी पट्टीतून बिडात 7.8 चं भोक पाडा, रीमरने 8 मिमी करा आणि घट्ट डॉवेल (बिनआट्याची गोल पिन) ठोका.

हवं तर शेवटची युक्ती. पट्टी बसवण्याआधी तापवा, साधारण खोलीच्या तापमानापेक्षा शंभर अंश जास्त. 100 मिमी लोखंड शंभर अंशांनी 0.12 मिमी वाढतं. गरम असतानाच चारही बोल्ट आवळले की थंड होताना पट्टी आकसते आणि तड्याच्या दोन कडा एकमेकींवर दाबून धरते. बीड दाबात ठेवलं की ते आपलं काम करतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तेच तत्त्व.

निळी_ज्योत

तुळई वाकण्याचा मुद्दा मान्य. दोन्ही बाजूंनी तडे आहेत हे कळल्यावर मीही आधी पट्ट्याच मारल्या असत्या. तड्यात तेल इतकं मुरलंय की ते पूर्ण जाळून काढायला बराच वेळ लागला असता.

भोकं मात्र सोडू नका. पट्ट्या असल्या तरी तड्याच्या खालच्या टोकांना 3 मिमीची भोकं हवीतच. खडूने दाखवलेल्या टोकाच्या दोन मिमी पुढे मध्य घ्या.

हिरवी_खोली

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या व्हाइसचा बॉक्स नट पूर्ण गेलाय, आवळताना स्क्रू उडी मारतो. साधा एम 20 चा आखा थ्रेड रॉड आणि नट बसवला तर चालेल का?

चौकोनी_आटे

ताई, चालेल पण आवडणार नाही. एम 20 चा आटा अडीच मिमीचा, म्हणजे जबडा उघडायला दुप्पट फेरे. व्ही आकाराच्या आट्याला घर्षणही जास्त, आणि तो नटला बाहेरच्या बाजूने फाकवायला बघतो.

जुना स्क्रू चांगला असेल तर नटच नवा करून घ्या. जुना नट लेथवर पोखरून त्यात गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचं बुश दाबून बसवतात आणि त्यात आतून आटे पाडतात. टर्नरकडे स्क्रू घेऊन जा, नुसतं माप नको. पिच काढायची तर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागा. आट्याचा आकारही नीट बघा: चौकोनी, 29 अंशांचा ॲक्मे, की 30 अंशांचा ट्रॅपेझॉइडल. शेवटचे दोन डोळ्यांना सारखेच दिसतात.

हिरवी_खोली

दहा आट्यांचं सुचलंच नसतं. धन्यवाद!

आडवी_कानस

काम झालं. चार सुट्ट्या गेल्या.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्या टेकवण्यात गेला. एका बाजूला बिडावर ओतकामाची फुगीर रेघ होती, ती कानशीने उतरवता उतरवता संध्याकाळ झाली. शाई लावायची, पट्टी दाबायची, काढायची, चमकलेले ठिपके कानशीने काढायचे, परत शाई. सुरुवातीला तीन ठिपके यायचे. शेवटी सगळीकडे पसरलेली निळी उमटली तेव्हा एक_सूत म्हणतात तो जीव म्हणजे काय ते कळलं.

भोकं पाडण्याआधी तड्याच्या दोन्ही बाजूंना सेंटर पंचने एकेक खूण मारून ठेवली होती. मोकळा असताना त्या दोन खुणांतलं अंतर मोजलं. मग नुसत्या हाताने, बेताने आवळून परत मोजलं. 0.1 मिमी वाढलं. म्हणजे साध्या जोरालाही तडा उघडत होता आणि सोडला की मिटत होता. पट्टीच्या पुढे जबड्याच्या तोंडाजवळ थोडी जागा उघडी राहते, खुणा तिथेच असल्यामुळे नंतरही मोजता आलं. आता तेवढंच आवळल्यावर कॅलिपरचा काटा हलत नाही. माझं कॅलिपर 0.02 मिमीचं आहे, त्यामुळे त्याच्या आतलं मला दिसणार नाही हे मान्य.

पट्ट्या गरम करूनच बसवल्या. चिमट्याने धरून लावली, बोल्ट आधीच हाताशी मांडून ठेवले होते. तरी चौथा बोल्ट लागेपर्यंत धडधड होत होती.

कॉलरला नवीन टेपर पिन बसवली. जबडा आता दांड्याबरोबर मागे येतो. लहानपणापासून तो हाताने ओढायचीच सवय होती, आता हात उगाचच पुढे जातो.

एक_सूत

0.1 वरून शून्यावर म्हणजे छान काम. खुणा पुसू नका, कायम राहू द्या.

जबड्याच्या पट्ट्यांचं काय केलंत?

आडवी_कानस

हरवलेल्या स्क्रूचे आटे गेले होते. एक आकार मोठा टॅप मारला. जुनी पट्टी कडक केलेली होती, ड्रिल नुसतं घसरत होतं, म्हणून दोन्ही पट्ट्या माइल्ड स्टीलच्या नव्या केल्या. एका अडचणीत आहे: पट्ट्यांमध्ये कागद धरला तर वरच्या बाजूला घट्ट धरला जातो, खाली ओढला की सुटतो. कानशीने वरून उतरवू का?

ओतशाळा

उतरवू नका! वर आधी टेकणं हे चांगल्या व्हाइसचं लक्षण आहे. काम आवळलं की जबडा किंचित मागे वाकतो आणि मग पूर्ण उंचीत सारखा टेकतो. मोकळा असताना खाली आधी टेकत असेल तर मात्र काम वरून निसटतं. कागद खाली जरासा सैल, वर घट्ट, हेच हवं. फक्त डावी-उजवीकडे सारखं आहे ना ते बघा.

आणि अरुंद वस्तू एका टोकाला धरायची असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला. नाहीतर जबडा तिरका पिळतो, आणि तुमच्या डाव्या बाजूच्या त्या 15 मिमीच्या तड्याला तेच नको आहे.

निकेल_रॉड

आता हा व्हाइस कशाला वापरणार ते ठरवलंय का? पट्ट्यांनी ताकद परत आली असली तरी मी याला जड कामाचा म्हणणार नाही. कानसकाम, करवतीचं काम, टॅप मारणं, ठीक. बेअरिंग दाबून बसवणं, सळया वाकवणं यासाठी दुसरा बघा.

आडवी_कानस

ठरवलंय. ठोकाठोकी आणि वाकवण्यासाठी जुना लोहारी व्हाइस शोधतोय, पायाचा. हा फक्त कानशीला आणि करवतीला.

पाइप भंगारात दिला. दांडा लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून थंडच सरळ केला, टोकांना हात लावला नाही. पहिला महिना दर रविवारी खडू-रॉकेल करून बघणार आहे. परवा पहिल्यांदा केलं: खालच्या दोन्ही भोकांच्या पलीकडे खडू कोराच राहिला.